घरी विंडसर्फ फॉइल बोर्ड (शिडाचा, खालच्या पाण्यातल्या पंखावर म्हणजे फॉइलवर उचलला जाणारा बोर्ड) बनवला तर स्वस्त पडतो का?

एकच बनवणार असाल तर फारसा नाही. बोर्डाच्या गाभ्यातला फोम स्वस्त असतो. पैसे खातं ते त्यावर चढवायचं कार्बनचं कापड आणि ते चिकटवून कडक करणारं इपॉक्सी रेझिन. कार्बनऐवजी फायबरग्लास घेतलं तर खर्च बराच उतरतो, बोर्ड थोडा जड होतो इतकंच. पण थर्माकोलसारख्या ईपीएस फोमवर स्वस्तातलं पॉलिस्टर रेझिन लावू नका, त्यातलं स्टायरिन फोमच विरघळवतं. फॉइल ज्यात बसतं त्या बॉक्सपाशीही काटकसर नको. सगळा जोर तिथेच येतो, म्हणून भोवती घट्ट फोमचा ठोकळा आणि कापडाचे जादा थर लागतात. कापड फोमवर दाबून बसवणारा व्हॅक्यूम पंप, हातमोजे, सँडपेपर हे तर माझ्या हिशेबात आधी नव्हतंच! आणि हो, फॉइल वेगळं घ्यावं लागतं. बऱ्याचदा तेच बोर्डाच्या सामानापेक्षा महाग.