वाचकांचे प्रश्न : सूची क्लाउडवर ठेवावी की वाचनालयातच?

प्रश्न : आमच्या वाचनालयात सुमारे सहा हजार पुस्तके आहेत, मराठी जास्त, कन्नड थोडी. नोंदी एक्सेलमध्ये आहेत, त्याही जुन्या फॉन्टात. एका विक्रेत्याने वार्षिक वर्गणीचे क्लाउड सॉफ्टवेअर सुचवले आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास नसते. काय करावे?
– कार्यवाह, खानापूर तालुका

उत्तर : पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एवढेच विचारा : उद्या आम्ही सेवा सोडली तर सगळ्या नोंदी, सभासद आणि देवघेव यांसह, मार्क (ग्रंथालय नोंदींचा प्रमाण नमुना) किंवा सीएसव्ही (कुठेही उघडणारा साधा तक्ता) फाइलमध्ये मिळतील का, आणि तसे लेखी द्याल का? उत्तर गोलमोल आले तर तिथेच थांबा. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेची सूची एकाच कंपनीला उघडता येईल अशा रूपात असूच नये.

मुळात सहा हजार पुस्तकांना क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर, लागत नाही. ‘कोहा’ हे मुक्त ग्रंथालय सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय न्यासासाठी तयार झाले आणि 2000 पासून वापरात आहे. त्याला परवाना शुल्क नाही. त्यासाठी 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी असलेला जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर डेबियन ही मुक्त कार्यप्रणाली बसवा. स्क्रीन फुटलेला असला तरी चालेल, बसवण्यापुरता बाहेरचा मॉनिटर जोडावा.

डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप, कारण वीज. जुना डेस्कटॉप 70 वॅट खात असेल तर चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्याला 50 युनिट जातात. 12 वॅटचा लॅपटॉप तेवढ्याच वेळात साडेआठ युनिट घेतो. वाचनालय सहा तासच उघडे असते, म्हणून रात्री तो बंदच करा. मग हिशेब दोन-सव्वादोन युनिटांवर येतो. भाड्याचा क्लाउड सर्व्हर मात्र तुम्ही कुलूप लावून घरी गेलात तरी चालूच राहतो. शिवाय लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस. ती 20 टक्क्यांवर आली की संगणक आपोआप नीट बंद होईल अशी मांडणी करा. लिहिणे चालू असताना वीज गेली तर डेटाबेस बिघडू शकतो. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपणार नाही, हीही सेटिंग बदलावी लागते. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती वापरा. सतत पूर्ण भरलेली बॅटरी फुगू शकते. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढा.

खरी मेहनत फॉन्टात आहे. जुन्या फॉन्टात अक्षर मराठी दिसते, पण फाइलमध्ये इंग्रजी चिन्हे साठवलेली असतात. रूपांतरक त्याच फॉन्टासाठी बनवलेला हवा. तरीही चुका ठरावीक जागी होतात : ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षरात भलत्या अक्षराला चिकटते, रफार सरकतो, आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ‘ऱ’ हमखास मोडतो. विखुरलेल्या शंभर नोंदी छापील पुस्तकाशी ताडून पाहा, मगच सगळी फाइल पुढे न्या. एक्सेलमधून जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच पर्याय घ्या. साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. मग ओपनरिफाइन या मुक्त साधनात लेखकांची नावे एकसारखी करा. ‘ह. ना. आपटे’ आणि ‘आपटे, हरि नारायण’ या दोन व्यक्ती नव्हेत, हे संगणकाला सांगावे लागते.

कोहात देवनागरी शोध लागत नाही अशी तक्रार पुष्कळ ऐकू येते. तिथला झेब्रा हा शोधयंत्रणेचा भाग मूळ मांडणीत रोमन लिपी धरून चालतो. त्याची अनुक्रमणी (इंडेक्स) आयसीयू या बहुलिपी पद्धतीवर आणा आणि पूर्ण सूचीची अनुक्रमणी पुन्हा बांधा. मराठी-कन्नड दोन्ही नीट सापडतात.

क्लाउड घ्यायचाच तर तो राखीव प्रतीसाठी घ्या. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी गावाबाहेर. ‘रेस्टिक’ हे मुक्त साधन डेटा कुलूपबंद करूनच पाठवते, त्यामुळे सभासदांचे फोन नंबर कंपनीला वाचता येत नाहीत. त्याचा पासवर्ड हरवला तर प्रत कायमची गेली. कागदावर लिहून दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. आणि तीन महिन्यांतून एकदा प्रत परत उतरवून पाहा. हार्ड डिस्क आपल्या भागातल्या पावसात सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

प्रश्न : जुनी नाटके आणि नियतकालिकांचे अंक स्कॅन करायचे आहेत. क्लाउडवरचा स्वस्त ‘आर्काइव्ह’ साठा घ्यावा का? ते सर्वांना खुले करता येतील?
– निपाणी

उत्तर : आधी आकारमान. डेमी आकाराचे पान 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) करड्या छटेत स्कॅन केले तर न दाबलेल्या टिफ फाइलला सुमारे 4.2 एमबी लागतात. 200 पानांचे पुस्तक 840 एमबी, अशी 300 पुस्तके साधारण 250 जीबी. वाचनप्रत जेपेगमध्ये पानाला 1 एमबीच्या आसपास ठेवा. रंगीत स्कॅन तिप्पट जागा घेते, ते मुखपृष्ठापुरतेच.

स्वस्त साठा फक्त मूळ टिफसाठी योग्य. अ‍ॅमेझॉनच्या डीप आर्काइव्हमध्ये फाइल आधी पुसली तरी 180 दिवसांचे पैसे लागतात, आणि मागितलेली फाइल मिळायला 12 तासांपर्यंत, सवलतीच्या पद्धतीत 48 तासांपर्यंत वेळ जातो. उतरवून घेण्याचे शुल्क वेगळे. पाने सुटी चढवू नका, एका पुस्तकाची एकच गठ्ठा-फाइल करा. प्रत्येक फाइलमागे जादा भार धरला जातो.

खुले करण्याबाबत : लेखकाच्या निधनानंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे निधन 1885 चे, तिथे अडचण नाही. इंदिरा संत 2000 साली गेल्या. त्यांच्या कविता 2060 अखेरपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय टाकता येणार नाहीत. नियतकालिकात प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा, म्हणून अंक सरसकट खुला धरू नका. जे मुक्त आहे ते इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य ठेवता येते.

प्रश्न : शाळेत इंटरनेट भरवशाचे नाही. मुलांना विकिपीडिया दाखवता येईल?
– शिक्षक, बेळगाव

उत्तर : येईल. ‘किविक्स’ हे मुक्त साधन घ्या आणि मराठी व कन्नड विकिपीडियाच्या झिम फाइल (इंटरनेटशिवाय वाचायच्या प्रती) एकदाच उतरवून आणा. पेनड्राइव्ह फॅट-32 या फॉरमॅटचा असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर चढत नाही. तो एक्सफॅट करून घ्या. शाळेतल्या एका संगणकावर किविक्स सर्व्हर चालवा आणि साधा वायफाय राउटर जोडा. इंटरनेट नाही असे दिसताच फोन स्वतःहून मोबाइल डेटावर जातात आणि पान उघडत नाही, तेव्हा तासापुरता मोबाइल डेटा बंद करायला सांगा.