घरातले सगळे दिवे बदलून एलईडी लावले तर वीजबिल खरंच कमी होतं का?

तुम्ही लिहिलंय की घरात काही पिवळे बल्ब आहेत, काही सीएफएल, दोन जुन्या ट्यूबलाइट, आणि सगळं एकदम बदलावं का. बिल कमी होतं. पण देवघरातला झिरोचा बल्ब तुम्ही यादीत धरलेलाच नाही आणि इथंच घोडं पेंड खातं.

आमच्याकडे एका मीटरवर दोन संसार. खाली थोरले दीर, वर आम्ही, बिल निम्मं-निम्मं. २०१५ मध्ये उजाला योजनेतले ९ वॅटचे एलईडी आले तेव्हा घरभर तेच लावले. तरी बिल १०० युनिटांच्या वरच. मग भाऊजींची गाडी माझ्या मिक्सरवर आणि इस्त्रीवर यायची. देव्हाऱ्यातला लाल आणि जिन्यातला निळा झिरो मात्र रात्रंदिवस चालू. मी म्हटलं, निदान जिन्यातला दिवसा बंद करू. तर म्हणे, "झिरोला कुठं वीज लागते? मीटर हलतसुद्धा नाही." सासूबाईंनीही मान डोलावली.

जुन्या चकतीच्या मीटरच्या काळात हे खपून गेलं असेल. इलेक्ट्रॉनिक मीटर कुणाला सोडत नाही. एका रविवारी मी दोन्ही मजल्यांवरचं सगळं बंद केलं, फ्रिजची पिन काढली, राउटरची काढली, फक्त देव्हाऱ्यातला लाल दिवा ठेवला आणि भाऊजींना मीटरसमोर उभं केलं. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असं छापलंय, म्हणजे त्यावरचा तांबडा ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. मिनिट झालं तरी ठिपका गप्प. भाऊजी हसायला लागले. सव्वा मिनिटाला लुकलुकला. पुन्हा सव्वा मिनिटाने पुन्हा.

या वेगाने एक युनिट, म्हणजे हजार वॅट-तास, पडायला सुमारे ६७ तास. म्हणजे १५ वॅट. चोवीस तासांच्या हिशेबाने महिन्याला जवळजवळ ११ युनिट, दोन झिरोंचे २१-२२. तुमचा ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज चार तास जळला तरी ७ युनिटच खातो! त्यात महावितरणचा दर १०० युनिटांनंतर एकदम चढतो, म्हणजे हे सगळे महागाचे युनिट. भाऊजी म्हणाले, "मीटर फॉल्टी असेल."

तर आधी झिरो काढा. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प लावा, अखंड चालू ठेवलात तरी महिन्याला अर्धा युनिट होत नाही. देवाची काही हरकत नसते, हे सासूबाईंनीही मान्य केलंय. मग पिवळे बल्ब काढा. ६०च्या जागी ९ वॅट पुरतो आणि रोज वापरातला असेल तर दोन-तीन महिन्यांत पैसे वसूल. ट्यूबलाइट ४० वॅटची दिसते, पण जुना लोखंडी चोक वर आणखी दहा-बारा वॅट खातो. तिथं २० वॅटची एलईडी पट्टी बसवा. सीएफएलला हात लावू नका. १४ आणि ९ वॅटमध्ये वाचून वाचणार किती? जाईल तेव्हा बदला, आणि फोडू नका, आत पारा असतो.

हो, एक राहिलं. बंद काचेच्या गोल शेडमध्ये एलईडी लवकर जातो, कारण उष्णतेने आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, मरतो. आणि बटण बंद करूनही दिवा मिणमिणत राहिला तर बटणातला इंडिकेटर बघा. तो नसेल तर वायरमनने बटण न्यूट्रलवर जोडलंय का ते तपासून घ्या. तसं असेल तर होल्डरला बंद असतानाही करंट असतो, तेव्हा दुरुस्त करूनच घ्या.

एका मीटरवर दोन घरं असतील तर मात्र आधी सबमीटर, म्हणजे प्रत्येक घराचा वापर वेगळा मोजणारा मीटर बसवा, बल्ब नंतर. १००० वॅटची इस्त्री आठवड्याला तासभर म्हणजे महिन्याला चारेक युनिट. ५०० वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं म्हणजे अडीच. दोन्ही मिळून सात नाहीत. भाऊजी या साइटवर असतात, म्हणून आकडे सुटे करून लिहिलेत.