छोट्या टँकमधल्या फायटरला फिल्टरचा झोत सोसत नाही, फिल्टर बंद ठेवू का?

तुमचा प्रश्न असा आहे: एक फुटी चौकोनी टँक, त्यात मुलीच्या हट्टासाठी आणलेला एकच लांब शेपटीचा फायटर मासा (बेटा). दुकानातून आणलेला ताशी 300 लिटरचा फिल्टर सुरू केला की मासा झाडामागे चिकटून बसतो, बंद केला की फिरायला लागतो. मग फिल्टर रात्री बंद ठेवला तर चालेल का?

बंद ठेवू नका. फिल्टर बदला, स्पंज फिल्टर घ्या. पण आत्ताचा फिल्टर आजच काढून टाकू नका, त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी आकडा बघा. लांबी, रुंदी, उंची एकेक फूट असलेला टँक काठोकाठ भरला तर साधारण 28 लिटर पाणी मावतं. खालची वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली की हातात 22 लिटर उरतात. म्हणजे तुमचा फिल्टर तासाला सगळं पाणी तेरा-चौदा वेळा फिरवतो. चार-पाच वेळा फिरलं तरी भरपूर झालं असा आपल्या छंदातला जुना आडाखा आहे, आणि फायटरला तेवढंही लागत नाही. थायलंडमध्ये हा मासा भातखाचरांत आणि दलदलीत, गवताने भरलेल्या उथळ संथ पाण्यात राहतो. त्या रानमाशाचे पर आखूड असतात. हाफमूनसारख्या जाती माणसाने घडवल्या. त्यांची शेपटी उघडली की पूर्ण अर्धवर्तुळ होतं. एवढा पिसारा घेऊन झोताविरुद्ध पोहायचं म्हणजे ओली गोधडी पांघरून ओढा ओलांडण्यासारखं आहे. तुमचा मासा लपतोय तो भित्रा म्हणून नाही, तो थकतोय. आखूड पराचा प्लाकाट असता तर कदाचित निभावून नेलं असतं.

मग फिल्टर हवाच कशाला? फायटर तर दुकानात पेल्यात ठेवतात. ही समजूत मोडायला हवी. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक वेगळा अवयव असतो, त्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. त्यामुळे साचलेल्या पाण्यात तो गुदमरत नाही. पण त्याच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया पाण्यात साठत जातो आणि तो कल्ले जाळतो. वर येऊन घेतलेला श्वास त्यापासून वाचवत नाही. बोअरचं जड, अल्कलाइन पाणी असेल आणि उन्हाळा असेल तर तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

अमोनिया संपवतात ते जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच कमी घातक, आठवड्याला पाव भाग पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला धरून बसतात: स्पंज, वाळू, काच, झाडांची मुळं. म्हणून आपल्याला जोर नको आहे, जागा हवी आहे. जिवाणूंना बसायला भरपूर जागा, आणि तिच्यातून प्राणवायू असलेलं पाणी हळूहळू जात राहिलं की झालं.

स्पंज फिल्टर नेमका हेच करतो. एअर पंपाची हवा नळीच्या तळाशी सोडली की बुडबुड्यांमुळे नळीतलं पाणी हलकं होऊन वर चढतं, आणि त्याची जागा घ्यायला स्पंजमधून पाणी आत येतं. मोटर पाण्यात नाही, फिरतं पातं नाही, शेपटी ओढून घेणारं तोंड नाही. बुडबुडे बारीक असतील तर पाणी चांगलं उचललं जातं आणि आवाजही कमी होतो, म्हणून आत छोटा एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) बसणारा प्रकार मिळाला तर तो घ्या. एवढ्या टँकला एक तोंडाचा, दोन-तीन वॅटचा सर्वांत छोटा पंप पुरतो.

तरीही हवा जास्त वाटली तर नळीला चिमटा लावून ती कोंडू नका, पंपाच्या आतला रबरी पडदा लवकर जातो. दोन तोंडांचा व्हॉल्व्ह घ्या, एक तोंड फिल्टरकडे आणि दुसरं थोडं मोकळं, जास्तीची हवा खोलीत जाऊ द्या. झोत बरोबर आहे की नाही हे बघायला खाण्याचा एक दाणा पाण्यावर टाका. तो जागच्या जागी हळू डुलत राहिला तर ठीक. टँकभर गरगर फिरला तर अजून कमी करा.

आता जुना फिल्टर. तो बरेच दिवस चालला असेल तर त्याच्या आतल्या स्पंजमध्ये तुमचे जिवाणू आहेत. नव्या कोऱ्या स्पंजवर पुरेसे जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. म्हणून आज एवढं करा: जुन्या फिल्टरचं तोंड काचेकडे वळवा, म्हणजे झोत काचेवर आपटून मोडेल. तोंडावर स्पंजचा तुकडा बांधला तर आणखी चांगलं. नवा स्पंज फिल्टर त्याच्या शेजारी लावा आणि दोन्ही महिना-दीड महिना एकत्र चालू ठेवा. तेवढाही झोत माशाला सोसत नसेल, तर जुन्या फिल्टरमधला स्पंज काढून नव्या फिल्टरला टेकवून पाण्यातच ठेवा आणि मोटर काढून घ्या. त्या काळात खाणं निम्मं करा, आणि अमोनिया-नायट्राइटचं टेस्ट किट जवळ ठेवा. दोन्ही शून्य यायला हवेत. नाही आले तर त्याच दिवशी थोडं पाणी बदला.

धुण्याबद्दल कळकळीने सांगतो, कारण माझा पहिला फायटर मी यातच गमावला. स्पंज काळपट दिसला म्हणून मी तो नळाखाली धरला आणि पांढरा होईपर्यंत चोळला. नळाच्या पाण्यातला क्लोरिन जिवाणूंना मारतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पाणी दिसायला आरशासारखं होतं. चौथ्या दिवशी मासा तळाशी पडून होता, कल्ले लालभडक. नंतर कळलं की जी घाण मी धुऊन टाकली तीच त्याला जगवत होती. आता पाणी बदलताना काढलेलं टँकचंच पाणी बादलीत घेतो, त्यात स्पंज चार-पाच वेळा दाबतो, पाणी चहासारखं होतं, आणि स्पंज परत जागेवर. दोन-तीन आठवड्यांतून एकदा एवढं पुरतं. स्पंज वर्षानुवर्षं टिकतो, तो दर महिन्याला बदला असं कुणी सांगितलं तरी बदलू नका. टँकमध्ये नवं पाणी घालतानाही आधी क्लोरिन काढणारं औषध टाका.

रात्री बंद न ठेवण्याचं कारणही हेच. जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो. स्पंज टँकच्या मोकळ्या पाण्यात असल्यामुळे दुपारी दोन-चार तास वीज गेली तर बिघडत नाही, पण रोज आठ तास बंद ही वेगळी गोष्ट आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज बराच वेळ जाते, तेव्हा पॉवर बँकेवर चालणारा छोटा यूएसबी एअर पंप लावतो.

वीज जाण्यावरून आठवलं, नळीत बसणारा, एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह त्याच खेपेला आणा. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर हवा थांबताच टँकचं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं, विजेच्या वस्तूत. व्हॉल्व्ह उलटा बसला तर हवाच जात नाही, तेव्हा बाण टँककडे आहे ना ते बघा. आवाजामुळे रात्री बंद करायचा विचार असेल तर पंपाखाली जुन्या टॉवेलची चौघडी घाला आणि त्याचं अंग भिंतीला टेकू देऊ नका. निम्म्याहून जास्त घरघर भिंतीची आणि टेबलाची असते.

झाडं आधीच आहेत, त्यात काठावरून मनी प्लांटची एक फांदी अशी सोडा की फक्त मुळं पाण्यात राहतील. ती नायट्रेट खातात, आणि पृष्ठभागाजवळच्या त्या मुळांच्या जाळीत फायटर तासन्‌तास टेकून बसतो. नर असेल आणि कोपऱ्यातलं पाणी खरंच शांत झालं असेल, तर तिथे फेसाचं घरटंही बांधेल. मुलीला ते दाखवा, आणि पुढचं पाणी बदलताना तो कोपरा तेवढा हलवू नका.