बांध वाढवायचा की सांडवा?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या वाड्याच्या वरच्या अंगाला व्हाळावर (ओढ्यावर) तीन वर्षांपूर्वी आम्ही शेतकऱ्यांनी मिळून मातीचा बांध घातला. उंची तीन मीटर, बाजूला जादा पाणी जायला दोन मीटर रुंद सांडवा, तळाला एक पाइप. पाणलोट वीस हेक्टरांचा, तळे भरले की पाणी अर्धा एकर पसरते. खाली भातशेती आणि कुळागरे (पोफळीच्या बागा) आहेत. गेल्या जुलैत पाणी बांधावरून गेले, मागची बाजू धुपली. उंची एक मीटर वाढवावी असे ठरते आहे. पायथ्याशी पाणी पाझरते, त्याचे काय करावे? पाणी वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला) लागते म्हणून आम्ही पाइप पावसाळ्यातही बंद ठेवतो, ते बरोबर आहे ना?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या दुखण्याचे मूळ तिथेच आहे. पावसाळ्यात पाइप बंद ठेवणे बरोबर नाही. पूर अडवायला बांधलेले तळे पूर येईल तेव्हा रिकामे हवे. हिशेब करून पाहा. अर्धा एकर पसारा आणि सरासरी दीड मीटर खोली धरली, तर तळ्यात साधारण 3,000 घनमीटर पाणी मावते. वीस हेक्टरांवर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला (आपल्याकडे जुलैत हे नवल नाही) आणि त्यातले निम्मे वाहून आले, तरी 10,000 घनमीटर होते. म्हणजे रिकामे तळेसुद्धा सगळे पाणी अडवणार नाही. ते फक्त लोंढ्याचा जोर मोडते आणि पाणी हळूहळू खाली सोडते. आर्द्रातच काठोकाठ भरलेले तळे तेवढेही करत नाही.

म्हणून मृगाआधी पाइप उघडा आणि ऑक्टोबर सरेपर्यंत उघडाच ठेवा. त्याच्या तोंडाला जाळी बसवा, पालापाचोळा काढायचे काम कुणा एकावर सोपवा. वायंगणासाठी नोव्हेंबरात पाइप बंद केलात तरी पुरे, कारण तेव्हाही व्हाळ वाहताच असतो. आता तळ्यात पाणी असेल तर ते एकदम सोडू नका. दिवसाला वीतभर पातळी उतरू द्या. झपाट्याने उतरवले तर आतल्या बाजूची भिजलेली माती घसरते.

आता उंचीचे. मातीचा बांध मागे साठलेल्या पाण्याचा भार सोसतो, अंगावरून वाहणारे पाणी मात्र सोसत नाही. तासाला 100 मिलिमीटर जोराची सर आली आणि त्यातले निम्मे वाहून आले तर वीस हेक्टरांतून सेकंदाला सुमारे 2.8 घनमीटर पाणी येते. तुमच्या दोन मीटरच्या सांडव्यावरून अर्धा मीटर खोलीने फार तर 1.2 घनमीटर जाते. उरलेले माथ्यावरून गेले, यात बांधाचा काय दोष? सांडवा पाच मीटर रुंद केलात तर तेवढ्याच खोलीने 3 घनमीटर पाणी निघून जाईल. त्याचा उंबरा बांधाच्या माथ्यापेक्षा किमान एक मीटर खाली हवा : अर्धा मीटर वाहत्या पाण्याला, अर्धा मीटर सुरक्षेला. सांडवा भरावावर काढू नका, बाजूच्या मूळच्या घट्ट जमिनीतून किंवा जांभ्यातून काढा आणि पाणी पायथ्यापासून लांब नेऊन व्हाळात सोडा.

एक मीटर उंची वाढवणे म्हणजे माथ्यावर मातीची रास टाकणे नव्हे. माथा अडीच मीटर, आतला उतार अडीचास एक (अडीच मीटर आडवे, एक मीटर उभे) आणि बाहेरचा दोनास एक धरला तर तीन मीटर बांधाचा पाया 16 मीटर लागतो, चार मीटरचा 20.5. दर धावत्या मीटरला जवळपास 18 घनमीटर माती जादा. शिवाय ती पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांत ओलवून, धुमसून घालायला हवी. पावसाच्या तोंडावर टाकलेला ताजा भराव पहिल्याच मोठ्या सरीत खाली येतो. धुपलेला भाग मात्र आताच भरून घ्या : सैल माती खरवडून पायऱ्या पाडा आणि मग थर द्या. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने माथ्याची पातळीही तपासा. भराव मधोमध खचतो आणि पाणी नेमके तिथूनच वाट काढते.

पाझराबद्दल सांगायचे तर बाटलीत पाणी भरून उजेडात धरा. नितळ असेल आणि धार वाढत नसेल तर चर काढून त्याला वाट करून द्या, घाबरू नका. गढूळ असेल तर आतून माती वाहून जाते आहे. अशा वेळी लोक बाहेरून चिकणमातीचा बोळा मारतात, तो मारू नका. पाणी कोंडून दुसरीकडे फुटते. पाझराच्या तोंडावर आधी जाड रेती, मग खडी, वर दगड ठेवा, म्हणजे पाणी जाईल आणि माती थांबेल. लगेच तळे हळूहळू उतरवा, खालच्या घरांना कळवा आणि जलस्रोत खात्याच्या अभियंत्याला बोलवा. पाइपच्या कडेने पाझर असेल तर उशीर करूच नका. अनेक लहान बांध तिथूनच फुटतात.

कुर्ल्यांची आणि उंदरांची बिळे पाणी उतरल्यावर खणून, माती ठासून बुजवा. बांधावर काजू, माड, ऑस्ट्रेलियन बाभूळ काहीही लावू नका. झाड मेले की कुजलेली मुळे पाण्याला नळ्या होतात. वाळा किंवा हरळी लावा. आणि एक सांगतो, राग मानू नका : चढणीचे मासे धरायला सांडव्यात जाळी लावायची हौस आवरा. फांद्या अडकल्या की त्या जाळीचाच दुसरा बांध होतो.

काही वाड्यांवर पूर वरून येत नाही, खालून येतो. 23 जुलै 2021 ला म्हादई फुगली तेव्हा नदीकाठच्या शेतांत पाणी उलटे चढले. तुमच्याकडेही तसे होत असेल तर वरचा बांध कितीही मोठा केलात तरी शेत बुडेलच. खाजनातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतल्या) बांधांना आणि मानशींना (तिथल्या पाण्याच्या दारांना) तर हा सल्ला लागूच नाही, तिथे भरती-ओहोटीचा हिशेब असतो.

बुडालेल्या भाताला पाणी ओसरेपर्यंत युरिया टाकू नका. पाणी उतरून पाने ताठ झाल्यावर हात आखडूनच हप्ता द्या.

सांडव्याचे काम काढण्याआधी माथ्याची लांबी, सांडव्याची मापे आणि पाइपचा व्यास लिहून विभागीय कृषी कार्यालयात या. पाझराचे पाणी बाटलीत आणा, गढूळ असेल तर ती बाटली हलवू नका, तळाला किती गाळ बसतो ते पाहायचे आहे.