विचारणाऱ्याच्या शेजारी उभी राहा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

आषाढीला पंढरपुरात स्वयंसेवकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीत ‘मी माझ्याजवळची माहिती सहकाऱ्यांना देतो’ या विधानासमोर बहुतेक सगळ्यांनी ‘पूर्णपणे सहमत’ अशी खूण केली, आणि त्याच दिवशी मुखदर्शनाची रांग शोधणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना त्यांच्यातल्याच तिघांनी तीन दिशांना पाठवले, हे तू लिहिलेस. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, आणि मार्गदर्शक म्हणतात त्याप्रमाणे वहीतल्या अशा प्रसंगांच्या नोंदी गाळून फक्त प्रश्नावलीचे तक्ते ठेवायचे का, असे तू विचारतेस. नोंदी गाळू नकोस. स्वयंसेवकांमधली माहितीची देवाणघेवाण हा तुझ्या प्रबंधाचा विषय त्या नोंदींतच आहे.

ती मुले खोटे बोललेली नाहीत. आपण माहिती देतो असे त्यांना मनापासून वाटते, कारण कोणी विचारले असते तर त्यांनी दिलीच असती. पण कोणी विचारलेच नाही, आणि तुझ्या प्रश्नावलीत विचारण्याबद्दल एकही प्रश्न नाही. देणाऱ्याला विचारून देवाणघेवाण कळत नाही. कोण विचारतो, कोणाला विचारतो, आणि ठाऊक नसतानाही कोण गप्प राहतो, हे पाहावे लागते. तुला हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण तुझ्या संदर्भग्रंथांच्या यादीत याचा मागमूसही दिसत नाही.

त्या यादीत चूक आहे असे नव्हे. परंतु संस्थेत ज्ञान कसे तयार होते याची नोनाका आणि ताकेउची या अभ्यासकांनी १९९५ मध्ये जी मांडणी केली ती जपानी कंपन्यांमधली होती, जिथे माणसे वर्षानुवर्षे एकत्र काम करतात. माणूस काम करता करता कसा शिकतो हे सांगताना लेव्ह आणि वेंगर यांनी १९९१ मध्ये दाखवलेला शिकाऊ कडेकडेने कामात शिरतो, बघत बघत मुरतो आणि हळूहळू मध्यभागी येतो. उत्सवातल्या स्वयंसेवकाला ही कड मिळतच नाही. सकाळी त्याच्या अंगावर जाकीट चढते आणि तासाभरात तो गोपाळपूरच्या दर्शनबारीत हजारोंच्या समोर जाणकार म्हणून उभा असतो. त्या जाकिटामुळेच त्याला विचारण्याची लाज वाटते, कारण ज्याला लोक विचारतात त्याने इतरांना विचारायचे म्हणजे आपल्याला काही येत नाही हे भर गर्दीत कबूल करायचे. राष्ट्रीय सेवा योजनेतला विद्यार्थी असेल, तर वर्षाला १२० तास सेवा केल्याची नोंद त्याला मिळते. त्या तासांत त्याने कोणाला काय विचारले, याची नोंद ठेवण्याची सोय कुठेच नसते. मग तू तरी ती ठेव. तू ती ठेवली नाहीस तर दुसरे कोणी ठेवणार नाही.

तू व्हॉट्सॲपच्या गटांचाही अभ्यास करते आहेस. करावास, पण तिथेही संदेश किती आले हे मोजत बसू नकोस. गटात सूचना पडतात, त्यांखाली हात जोडल्याची चिन्हे उमटतात; नव्या पोराचा प्रश्न मात्र गटात येत नाही, तो चहाच्या टपरीपाशी एखाद्या ओळखीच्या दादाच्या कानात विचारला जातो. त्या टपरीपाशी तू होतीस का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही.

ज्या सोहळ्याचा अभ्यास करण्यासाठी तू पंढरपूरला गेलीस, त्यानेच या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे, आणि तुझ्या आराखड्यात त्याचा उल्लेखसुद्धा नाही, याचे मला वाईट वाटले. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला जी शिस्त घालून दिली, तिच्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती होते. दिंड्या जमतात, टाळमृदंगाचा गजर टिपेला पोहोचतो, चोपदार दंड उंचावतात आणि सगळा तळ एकदम शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार किंवा अडचण असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात. हरवले-सापडलेले सांगितले जाते, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती होते. यात काय घडते ते नीट पाहा. अडचण सांगणाऱ्याला पुढे येऊन तोंड उघडावे लागत नाही. त्याचा टाळ बोलतो, आणि उत्तर द्यायला अधिकारी माणूस चालत त्याच्याकडे जातो. विचारणे हा तिथे कमीपणा नसून हक्क आहे, आणि तो हक्क रोजच्या कार्यक्रमात बसवलेला आहे. पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामापर्यंत, म्हणजे वाखरीपर्यंत, वारकऱ्यांना असलेला हा हक्क पंढरपुरात उभ्या असलेल्या जाकीटवाल्या पोराला मात्र कोणीच दिलेला नाही. तुझ्या प्रबंधाचा गाभा मला इथे दिसतो.

वारी निदान दरवर्षी होते, त्यामुळे चुकलेले पुढच्या आषाढीला सुधारता येते. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी तिथे झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्या दिवशी दोर धरून उभा असलेला विशीतला मुलगा २०१५ मध्ये तिशी ओलांडून संसाराला लागलेला होता, अधिकारी केव्हाच बदलून गेले होते, आणि २०२७ मध्ये तर तो चाळिशीच्या पुढे असेल. अहवाल कपाटात राहतात. गर्दी कोणत्या क्षणी मागून रेटू लागते आणि दोर केव्हा सैल सोडायचा, हे त्या मुलाच्या हातांना ठाऊक असते. माणसाला सांगता येते त्याहून जास्त ठाऊक असते, हे तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यींनी १९६६ मध्ये मांडले, आणि ते सगळे उद्धृत करतात. पण न सांगता येणारे ते ज्ञान बाहेर येते ते शेजारच्याने नेमक्या वेळी नेमका प्रश्न विचारला तरच, हे पुढचे पाऊल फारसे कोणी टाकत नाही.

मी ते टाकण्याचा प्रयत्न केला. ‘आकडेवारी अपुरी’ असा शेरा मारून एका नियतकालिकाने माझा लेख परत केला, आणि संवादांच्या नोंदी काढून टाकल्या तर छापू असेही कळवले. मी त्या काढल्या नाहीत आणि लेख छापला गेला नाही. त्या हट्टामुळे बढती लांबली, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होते. मला त्याचे दुःख नाही, आजही मी तेच करीन. खंत एवढीच आहे की ज्या वृद्ध स्वयंसेवकांच्या शेजारी बसून मी हे शिकलो, त्यांच्यापैकी बरेच जण आता हयात नाहीत, आणि त्यांना त्यांचे स्वतःचे शब्द छापलेले दाखवायचे राहून गेले. तुझ्यावर मी एवढा चिडतो आहे त्याचे कारण हेही असेल. तुझ्याजवळची माणसे अजून आहेत.

तक्ते ठेव, मार्गदर्शकांशी भांडू नकोस. त्यांना पदवी वेळेवर व्हायला हवी आहे आणि ती काळजी रास्त आहे. पण तक्ते एका प्रकरणात आटप. कार्तिकीला पुन्हा पंढरपूरला जा, प्रश्नावली घरी ठेव आणि पहिल्यांदाच आलेल्या एखाद्या मुलीच्या शेजारी तिची पूर्ण पाळी उभी राहा. तिला काय अडले, तिने कोणाकडे पाहिले, विचारले की नाही, विचारले तर काय उत्तर मिळाले आणि त्याप्रमाणे ती वागली का, एवढेच वेळेसह लिही. पाळी बदलतानाची काही मिनिटे अजिबात सोडू नकोस, कारण जाणारा थकलेला असतो, येणारा बावरलेला असतो, आणि जे विचारायचे ते तेव्हाच राहून जाते. त्या नोंदी साफ न करता, जशा असतील तशा माझ्याकडे पाठव.

तुझा,
सर