जहाज पिनांगला थांबतं, तेव्हा

प्रश्न : आमची क्रूझ सिंगापूरहून निघते. मलेशियातल्या पिनांगला सकाळी ८ वाजता जहाज लागतं, संध्याकाळी ५ वाजता सुटतं आणि साडेचारच्या आत परत यायचं आहे. पिनांग हिल, केक लोक सी मंदिर आणि जुनं शहर हे सगळं आपलं आपण होईल का, की जहाजावरचीच सहल घ्यावी? (वाचक, कराड)

उत्तर : आपलं आपण होईल, पण क्रम चुकवू नका : लांबचं आधी, जवळचं शेवटी. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि हा धक्का जॉर्ज टाउनच्या, म्हणजे जुन्या शहराच्या अगदी उंबऱ्यावर आहे. बाहेर पडलं की व्हिक्टोरिया राणीच्या ६० वर्षांच्या कारकिर्दीसाठी उभारलेला ६० फुटी घड्याळाचा मनोरा समोरच दिसतो. समोर दिसतंय म्हणून बहुतेकजण आधी शहरात शिरतात आणि दुपारी टेकडीकडे निघतात. तिथेच गणित फसतं. तोवर टेकडीवर चढणाऱ्या रेल्वेची रांग वाढलेली असते आणि उतरून येताना रस्ता तुंबलेला असतो. शहरात उशीर झाला तर चालत जहाज गाठता येतं, टेकडीवर अडकलात तर हातात काही राहत नाही.

८ ला जहाज लागलं म्हणजे ८ ला उतरता येतं असंही नाही. बंदराची तपासणी होते, मग कंपनीच्या सहलींचे गट आधी सोडतात. बाहेर पडायला ९ धरा. टॅक्सीने आयर इतामच्या खालच्या स्टेशनला अर्धा तास. ही दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे १९२३ सालची, डबे मात्र आताचे. चढताना डब्याच्या खालच्या टोकाच्या काचेपाशी उभे राहा. मागे शहर आणि समुद्र हळूहळू उलगडत जातो. वरच्या टोकाला जागा धरणाऱ्यांना रूळच दिसतात. टेकडीची उंची ८३३ मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बरीच कमी. गारवा चार-पाच अंशांचा, स्वेटरची गरज नाही. तासभर पुरे. शनिवार-रविवार असेल तर जलद रांगेचं महाग तिकीट घ्या. सकाळी वाचलेला एक तास दुपारी कामाला येतो. टेकडीवर ढग बसलेले खालूनच दिसत असतील, तर वर जायचा हट्ट सोडा आणि थेट मंदिरात जा.

केक लोक सी तिथून गाडीने दहा मिनिटांवर. तिथला सात मजली स्तूप १९३० मध्ये पुरा झाला : पाया चिनी, मधला भाग थाई, कळस ब्रह्मदेशी. हे तिन्ही एका नजरेत पाहायचे तर पायथ्याशी उभं राहून दिसत नाही, समोरच्या चौकापर्यंत मागे या. साडेबाराला निघालात की १ ला लिटल इंडियात जेवण, दोन तास शहर आणि पावणेचारला धक्क्याकडे.

रस्ते, पाऊस, रांगा यांची धास्ती वाटत असेल तर कंपनीची सहल घ्या. महाग पडते, पण तिला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतंत्र फिरणाऱ्यासाठी थांबत नाही.

प्रश्न : सोबत ७२ वर्षांच्या आई आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. फक्त जुन्या शहरात काय पाहता येईल? (वाचक, सातारा)

उत्तर : टेकडी सोडून द्या, शहर पुष्कळ आहे. २००८ पासून जॉर्ज टाउन युनेस्कोच्या यादीत आहे. धक्क्यापासून आर्मेनियन स्ट्रीटपर्यंतचं अंतर राजवाडा ते पोवई नाक्यापेक्षा जास्त नाही. त्रास अंतराचा होत नाही, ओट्यांचा होतो. दुकानांपुढून कमानीखालचा आच्छादित ओटा जातो, ऊन-पाऊस लागत नाही. पण प्रत्येक घराच्या ओट्याची उंची वेगळी, मध्येच पायरी, मध्येच लावलेली स्कूटर. व्हीलचेअर तिथे चालत नाही. म्हणून तीनचाकी सायकलरिक्षा तासाच्या बोलीवर घ्या. दर आधी ठरवा आणि तो माणशी आहे की रिक्षाचा, हे स्पष्ट विचारा.

आईंना क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ सालचं महामारिअम्मन मंदिर नक्की दाखवा. तासगावच्या गणपतीचं गोपुर पाहिलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. चपला काढून आत जायचं आणि दुपारी बंद असतं, म्हणून सकाळीच. धक्क्याजवळच्या किल्ल्याला कॉर्नवॉलिसचं नाव आहे. तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूवरच्या मोहिमेत ज्याच्या बाजूने फौज नेली होती, तोच हा गव्हर्नर जनरल.

समुद्रात खांबांवर उभी असलेली च्यू जेटीची घरंही पाहा. फळ्यांच्या वाटेला फटी आहेत, काठी फटीत अडकते, तेव्हा हात धरून चाला. आत माणसं राहतात. उघड्या दारातून फोटो काढू नका.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का? (वाचक, विटा)

उत्तर : नाही. पण फक्त 'व्हेज' म्हणून भागत नाही. मलेशियात भाजीच्या फोडणीतही बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा घालतात. ताटात तुकडा दिसत नाही, चव मात्र त्याचीच. लाक्सा हा तिथला शेवयांचा पदार्थ माशाच्या रश्शाचा असतो. दुकानात हे वाक्य म्हणा : 'साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, बेलाचान.' म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, बेलाचान खात नाही. अंडं नको असेल तर शेवटी 'तेलूर' जोडा.

लिटल इंडियात केळीच्या पानावरचं तमिळ शाकाहारी जेवण मिळतं, तेच सर्वांत निर्धास्त. रोटी चनाई, म्हणजे पापुद्र्यांची मैद्याची रोटी, मागवलीत तर सोबत 'दाल' सांगा. न सांगता येते ती आमटी बऱ्याचदा कोंबडीची किंवा माशाची. उन्हात चेंडोल घ्या : किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ, राजमा आणि तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया. आणि जायफळाचं सरबत चुकवू नका. आपण जायफळाची बी किसतो. तिथे तिच्याभोवतीच्या फळाच्या गराचं सरबत करतात. आंबटगोड, किंचित तुरट, आणि घोट गिळल्यावर श्रीखंडाचा वास मागे राहतो.

प्रश्न : फोन आणि टॅक्सीचं काय करावं? जहाज चुकण्याची भीती वाटते. (वाचक, इस्लामपूर)

उत्तर : टॅक्सीसाठी ग्रॅब हे अॅप चालतं. खातं घरीच उघडा, कारण ओटीपी भारतीय नंबरवर येतो. पैसे रोख देता येतात, म्हणून सुटे रिंगिट जवळ ठेवा. धक्क्याच्या दारातले टॅक्सीवाले चढा आकडा सांगतात. घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत चालत या आणि तिथून गाडी बोलवा. जेटीजवळून २०४ नंबरची बस टेकडीच्या पायथ्याशी जाते, पण रोख भाडं दिलंत तर सुटे परत मिळत नाहीत.

जहाजावर पाऊल ठेवलं की फोन फ्लाइट मोडवर. समुद्रातल्या जहाजी नेटवर्कला फोन आपोआप जोडला जातो आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

वेळेची खरी गफलत पिनांगला होत नाही, थायलंडमधल्या फुकेतला थांबा असेल तर तिथे होते. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच. थायलंड त्यांच्या एक तास मागे. जहाजाने घड्याळ सिंगापूरचंच ठेवलं असेल आणि तुमच्या फोनने थाई वेळ धरली, तर फोनवर साडेतीन वाजलेले असताना जहाजावर साडेचार झालेले असतात. उतरण्याआधी जहाजावरचं घड्याळ पाहा, हातातलं साधं घड्याळ त्यावर लावा आणि फोन विसरा. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढा. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर झेरॉक्स खिशात हवी.

भारतीयांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत २०२६ अखेरपर्यंत आहे. क्रूझ संपताना तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरता, म्हणून तिथला व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे निघण्याआधी वाचून घ्या.

प्रश्न : घरचं खायला काय नेता येईल? (वाचक, मिरज)

उत्तर : भडंग, बेदाणे, चिक्की न्या, पण दुकानातली सीलबंद पाकिटं. घरच्या डब्यातलं जहाजावर बहुधा अडवतात. किटली आणि इस्त्री बॅगेत घालू नका, काढून घेतात. अनारसे आणि खसखस घातलेला मसाला घरीच ठेवा : सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. मशेरी, खायचा तंबाखू, गुटखा यांवरही तिथे बंदी आहे. सोबतच्या वडीलधाऱ्यांच्या बटव्यात पुडी नाही ना, हे विमानतळावर निघण्याआधी प्रेमाने विचारून घ्या.