खान्देशी जेवणातून तिथला इतिहास कसा दिसतो?

सगळ्यात स्पष्ट दिसतो तो वांग्याच्या भरतात. जळगावकडची हिरवी, मोठी वांगी शेतातच पऱ्हाटीवर म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला प्रचंड मागणी आली, कपाशीचं क्षेत्र वाढलं. त्या पिकाचं सरपण आजही भरताला धुरकट वास देतं. गॅसवरच्या भरताला ती चव येत नाही, हे मी ठामपणे सांगतो. सोबत ज्वारी आणि अख्ख्या उडदाची कळण्याची भाकरी हवी. कोरडवाहू शेतात जे पिकलं, तेच ताटात आलं.

बट्टी, म्हणजे वरणासोबत खायचे कणकेचे गोळे, मात्र एकट्या खान्देशाची नाही. माळवा, निमाड, राजस्थानातही ती आहेच. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा व्यापारी रस्ता याच मुलखातून जायचा, आणि बुऱ्हाणपूर तर १६०१ पर्यंत खान्देशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. आमच्या अहिराणीत गुजराती वळण दिसतं, तशीच ताटातही ही शेजारधर्माची सरमिसळ आहे.

आणि श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट! कामासाठी सुरत-पुण्याला गेलेली भावकी त्यासाठी गावी परतते.